मृत्यूच्या हाताखाली उमेदवारी

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याच दिवशी आमचं भांडण झालं. ही २०२४ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. डॉक्टरांनी आठवडाभर वाचायचं नाही, टीव्ही पाहायचा नाही, वाकायचं नाही, गॅससमोर उभं राहायचं नाही, असं बजावून पाठवलं होतं आणि आई काळा चष्मा कपाळावर सरकवून, खिडकीशी उभी राहून, दुसऱ्या डोळ्यानं पेपर वाचत होती. मी पेपर काढून घेतला.

"मग मी दिवसभर करू काय? भिंतीकडे बघत बसू?"

"रेडिओ ऐक."

"रेडिओवर हल्ली माणसं बोलत नाहीत, किंचाळतात," आई म्हणाली. मग थोडी नरमली. "तू काय वाचते आहेस ते मोठ्यानं वाच. तेवढाच वेळ जाईल."

मी तिच्यासाठी आठ दिवसांची रजा घेतली होती आणि माझ्या हातात होती टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाची 'मॉर्ट' ही कादंबरी. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर सेकंडहँड मिळालेली, कोपरे दुमडलेली, मागच्या कव्हरवर चहाच्या कपाचा गोल उमटलेला. आता अडचण अशी की पुस्तक इंग्रजीत. ती अडचण किरकोळ होती, वाचता वाचता मराठीत सांगता आलं असतं. खरी अडचण वेगळी होती. या विनोदी कादंबरीतलं मुख्य पात्र म्हणजे साक्षात मृत्यू. आणि आमच्या घरात दोन वर्षं त्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. बाबा २०२२ मध्ये गेले, तेव्हापासून आई आणि मी किराणा, गॅसचं बुकिंग, दादाच्या मुलांच्या परीक्षा, सगळ्यावर बोलत होतो. त्या अकरा दिवसांवर मात्र नाही.

"काही नाही गं, एक गंमतीचं पुस्तक आहे," मी टाळायला म्हटलं.

"मग वाच की. गंमत नको आहे कुणाला?"

वाचायला लागले.

ज्यांनी प्रॅचेट वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. त्यानं १९८३ पासून एका काल्पनिक जगाच्या कादंबऱ्या लिहिल्या. त्या जगाचं नाव डिस्कवर्ल्ड, म्हणजे थाळीसारखं सपाट जग. ही थाळी चार हत्तींच्या पाठीवर, आणि ते हत्ती अंतराळात पोहत जाणाऱ्या एका प्रचंड कासवाच्या पाठीवर. त्यात जादूगार आहेत, राजे आहेत, चोरांचा रीतसर संघ आहे. पण वाचताना कळतं की हे सगळं आपल्याच जगाचं आहे, फक्त तिरकं धरलेल्या आरशातलं. 'मॉर्ट' ही या मालिकेतली चौथी कादंबरी, १९८७ सालची.

कासव आणि हत्ती ऐकून आई म्हणाली, "हे आपल्याकडचं आहे. कूर्मावतार आणि दिग्गज. पण दिग्गज आठ असतात. यानं चार वाचवले."

मॉर्ट हा खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. उंच, किडकिडीत, सगळे सांधे जणू गुडघ्यांचे बनलेले. त्याला शेतात काही जमत नाही, कारण तो काम करण्याऐवजी कामाचा विचार करत बसतो. बाप वैतागून त्याला उमेदवारांच्या जत्रेत नेतो. तिथं गावोगावचे सुतार, लोहार, शिंपी येतात आणि हाताखाली शिकायला पोरं निवडून नेतात. सगळी पोरं जातात, मॉर्ट उरतो. मध्यरात्रीचे ठोके पडत असताना पांढऱ्या घोड्यावरून एक जण येतो. काळा झगा, आत नुसती हाडं. रुबाबात घोड्यावरून उतरतो आणि बर्फावरून पाय घसरून धाडकन पडतो. हा मृत्यू. त्याला हाताखाली एक पोरगा हवाय.

गंमत अशी की लोकांना त्याचं खरं रूप दिसत नाही, मन जे पाहायला तयार असेल तेच दिसतं. मॉर्टच्या बापाला वाटतं, हा अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारा कुणी सद्गृहस्थ असावा. धंदा कायम चालणारा, पोराचं भलं होईल, असा हिशेब करून तो खुशीनं पोराला पाठवून देतो.

इथं आई पहिल्यांदा हसली. मग एकदम गप्प होऊन म्हणाली, "यमाची थट्टा करू नये."

"हा यम नाही, आई. याच्याकडे रेडा नाही. घोडा आहे. त्याचं नाव बिंकी."

"बिंकी?"

हे नाव ऐकून तिला पुन्हा हसू आलं. मृत्यूच्या घोड्याचं नाव शाळेतल्या मुलीच्या मांजरीसारखं असावं, ही प्रॅचेटची खास तऱ्हा. एके ठिकाणी तो सांगतो, की मृत्यूनं आधी हाडांचा घोडा वापरून पाहिला होता, पण त्याचे सुटे भाग गळून पडायचे आणि दर वेळी थांबून तारेनं बांधावे लागायचे. म्हणून मग साधा, जिवंत, दाणा-गवत खाणारा घोडा.

वाचून दाखवताना एक पेच पहिल्या दिवशीच आला. इंग्रजी पुस्तकात मृत्यूचं बोलणं कायम कॅपिटल अक्षरांत छापलेलं असतं, अवतरणचिन्हांशिवाय. तो बोलतो तेव्हा शब्द कानात न शिरता थेट डोक्यात उमटतात, हे दाखवायची ती युक्ती. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीतच. शिवाय मी छापत नव्हते, बोलत होते. मी सुरुवातीला गणपतीच्या मंडपातल्या नाटकातला यम काढला. घोगरा आवाज, शेवटी 'हा हा हा'. आईनं हात वर केला. "अगं, एवढा साधा माणूस तो, ओरडेल कशाला?" तिचं बरोबर होतं. या मृत्यूत क्रौर्य नाही, चढेलपणा नाही. तो कामाचा पक्का आहे आणि माणसांबद्दल त्याला अतोनात कुतूहल आहे. माणसं मजा कशी करतात, मैत्री कशी करतात, हे तो अभ्यास करून शिकू पाहतो आणि दर वेळी थोडक्यात चुकतो. मग मी आकाशवाणीच्या बातम्या वाचतात तसा सपाट, सावकाश आवाज लावला. तो चालला.

मॉर्टला पहिल्या दिवशी काय काम मिळतं? तबेल्यातली लीद उपसायचं. त्याची कल्पना, आता आपल्याला विश्वाची रहस्यं शिकवणार. मला माझी उमेदवारी आठवली. पत्रकारितेचा डिप्लोमा करून, बातमीचं शीर्षक आणि पहिला परिच्छेद यांवर व्याख्यानं ऐकून मी पहिल्या नोकरीवर गेले, तेव्हा वर्षभर निधनवार्ता लिहिल्या. नाव, वय, मागे कोण कोण आहे, अंत्यसंस्कार कुठे झाले. बातमीतल्या माणसाचं वय चुकलं तर दुसऱ्या दिवशी फोन यायचा आणि फोनवरचा माणूस रडत नसायचा, चिडलेला असायचा. प्रॅचेट स्वतः सतरा वर्षांचा असताना, १९६५ मध्ये, शाळा सोडून बक्स फ्री प्रेस या स्थानिक वर्तमानपत्रात शिकाऊ पत्रकार म्हणून लागला होता. कामावर रुजू झाल्यावर तीन तासांत आपण पहिलं प्रेत पाहिलं, असं तो सांगत असे. मला वाटतं, त्याच्या मृत्यूचा तो कामकाजी, बिनगाजावाजाचा स्वभाव तिथूनच आला असावा. पुढं तो वीज मंडळाचा प्रसिद्धी अधिकारी झाला, अणुवीज केंद्रांबद्दल पत्रकारांना उत्तरं देण्याचं काम. 'मॉर्ट' लिहून झाल्यावर, १९८७ मध्येच, त्यानं ती नोकरी सोडली आणि पूर्णवेळ लेखक झाला. म्हणजे मृत्यूनं आणखी एका माणसाला कामाला लावलं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी आईनं दुपारची झोप टाळली. "त्याचं पुढं काय झालं?"

पुढं मृत्यू मॉर्टला अंख-मॉरपॉर्क नावाच्या गलिच्छ, गर्दीच्या महानगरात एका खानावळीत नेतो आणि करी खाऊ घालतो. हो, करी. या मृत्यूला मांजरं आवडतात आणि झणझणीत करी आवडते. इथं इंग्रजीत एक शाब्दिक कोटी आहे. एखादा पदार्थ खाण्याची अनावर इच्छा झाली की इंग्रज लोक बोलताना त्याचा खून करायची भाषा करतात. तीच बोली खुद्द मृत्यूच्या तोंडी येते आणि इंग्रज वाचक खुर्चीतून पडतो. मराठीत हे कसं सांगावं? मी अडखळले, कोटी समजावून सांगायला लागले. समजावून सांगितलेली कोटी म्हणजे गार झालेली भजी.

आई क्षणभर विचार करून म्हणाली, "फडशा पाडावासा वाटतोय म्हण ना."

मी तिच्याकडे बघतच राहिले. फडशा जेवणाचाही पाडतात आणि शत्रूचाही. इंग्रजी वाङ्मयाशी ज्या बाईचा संबंध मॅट्रिकपर्यंतच आला, तिनं काळा चष्मा लावून, कॉटवर पडल्या पडल्या ते भाषांतर केलं. त्यानंतर मी प्रत्येक अवघड जागी थांबून तिला विचारायला लागले. प्रॅचेटच्या बहुतेक कादंबऱ्यांत प्रकरणं नसतात, त्यामुळं थांबायला जागा सापडत नाही. आमच्या वाचनाच्या जागा डोळ्यांत घालायच्या थेंबांनी ठरायच्या. मोबाइलवर गजर वाजला की पुस्तक उपडं, थेंब, पाच मिनिटं डोळा मिटून पडायचं, मग पुन्हा सुरू.

मृत्यूचं घर आईला फार आवडलं. तिथं सगळं काळं. बागही काळी. घरात अल्बर्ट नावाचा म्हातारा नोकर, जो सकाळी नाश्त्याला दिसेल ते तळून ठेवतो. इझाबेल नावाची मुलगी, मृत्यूनं लहानपणी दत्तक घेतलेली. त्या घरात काळ पुढं सरकत नाही म्हणून ती पस्तीस वर्षं सोळा वर्षांचीच आहे आणि तिच्या स्वभावात त्याचा सगळा वैताग उतरलाय. एका दालनात प्रत्येक जिवंत माणसाचं एक वाळूचं घड्याळ. दुसऱ्या दालनात प्रत्येकाच्या आयुष्याची वही, आपोआप लिहिली जाणारी. रात्रंदिवस कागदावर अक्षरं उमटल्याची खरखर. "चित्रगुप्ताला घरी बसवलं की यानं," आई म्हणाली.

मग मॉर्ट पहिल्यांदा एकटा कामगिरीवर जातो. एक म्हातारी चेटकीण, जिला आपली वेळ कळलेली आहे. ती तयार होऊन बसली आहे, गोंधळलेल्या पोराला तीच धीर देते. नंतर एक मठाधिपती, जो पुन्हा पुन्हा जन्म घेऊन कंटाळलाय. आणि तिसरी, स्टो लॅट नावाच्या छोट्या राज्याची राजकन्या केली. तिच्या बापाचा खून झालाय, आता मारेकरी तिच्यासाठी येणार आहे. मॉर्टनं नुसतं उभं राहायचं आहे आणि वेळ झाली की तिला पुढं पाठवायचं आहे. पण मॉर्टनं तिला आधी पाहिलेलं असतं. ऐन वेळी त्याच्यानं राहवत नाही. तो तिच्याऐवजी मारेकऱ्याला मारतो.

"शाब्बास," आई म्हणाली.

पण पुढं जे घडतं ते मला माहीत होतं, कारण मी पुस्तक एकदा वाचलेलं होतं. माहीत असूनही मी ते वाचत राहिले.

केली वाचते, पण विश्वाच्या हिशेबात ती मेलेली असते. राजवाड्यातले नोकर तिच्या अंगावरून नजर नेतात. ती समोर उभी असून त्यांना दिसत नाही, दिसली तरी मिनिटभरात ते विसरतात. न कळत ते दुखवटा पाळायला लागतात. तिनं कुणाला हलवून जागं केलं तर तेवढ्यापुरतं त्याला आठवतं की अरे, राजकन्या आहे की. शेवटी ती कटवेल नावाचा एक गबाळा तरुण जादूगार पगारावर ठेवते. त्याचं काम एकच. राजकन्या जिवंत आहे, हे लोकांना पुन्हा पुन्हा आठवण करून देणं. तो दवंडी पिटवतो, चित्रं लावतो. आणि तिकडं दूरवरून खऱ्या इतिहासाची सीमा इंच इंच करत तिच्याभोवती आवळत येत असते.

हे पान इंग्रजीत भयंकर विनोदी आहे. मी पहिल्यांदा लोकलमध्ये उभ्यानं वाचलं तेव्हा खूप हसले होते. आईला सांगताना माझा आवाज चालेना.

बाबांना मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा मी ऑफिसात होते. पोचले तोवर त्यांना दवाखान्यात अतिदक्षता विभागात नेलेलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सरळ शब्दांत सांगितलं की यातून ते परत येतील असं वाटत नाही, श्वास मशीनवर चालू ठेवता येईल, तुम्ही ठरवा. दादा बंगलोरहून येऊन पोचला होता. आई म्हणाली, घरी नेऊ या. मी म्हटलं, "आई, तुला कळत नाही." हेच शब्द. दादा काही बोलला नाही. फॉर्मवर सही मी केली.

पुढचे दिवस मी कटवेलची नोकरी केली. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळ-संध्याकाळ लिहायचे, बाबा स्टेबल आहेत. आज ब्लडप्रेशर बरं आहे. आज बोट हललं. पहिल्या दोन दिवसांत पन्नास उत्तरं यायची. मग वीस. आठव्या दिवशी कुणीतरी त्याच ग्रुपवर लग्नाची पत्रिका टाकली आणि सगळे अभिनंदन करत सुटले. मला त्यांचा संताप आला होता. पण त्यांचं चुकलं नव्हतं. खोलीत येणारे सगळेच बाबांकडे न बघता मशीनच्या पडद्याकडे बघायचे. नर्स, डॉक्टर, दादा. मीसुद्धा. बाबांच्या चेहऱ्याकडे बघायची ती फक्त आई.

अकराव्या दिवशी पडद्यावरची रेष थांबली. मी तेव्हा खाली कॅश काउंटरच्या रांगेत होते.

"थांबलीस का?" आई म्हणाली.

मी म्हटलं, "घसा सुकला."

ती बराच वेळ काही बोलली नाही. वटपौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. त्या दिवशी शेजारच्या काकू नेहमीच्या सवयीनं आईला वडाला बोलवायला दारापर्यंत आल्या आणि जिभ चावून परत गेल्या. मी त्या वेळी स्वयंपाकघरात भांडी घासत असल्याचं सोंग केलं होतं. आई आता भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "सावित्रीनंसुद्धा त्याला बोलण्यातच पकडलं होतं. आधी सासऱ्याचे डोळे मागितले. मग राज्य. मग बापासाठी मुलगे. मग स्वतःसाठी मुलगे. नवऱ्यासकट सगळं संसारासारखं मागितलं तिनं. नुसता श्वास नव्हता मागितला."

मी म्हटलं, "आई, मी तेव्हा तुला जे बोलले…"

"थेंबांची वेळ झाली का बघ."

झाली नव्हती. मी तरीही घातले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी प्रॅचेटबद्दल विचार करत होते. ज्या माणसानं मृत्यूला इतकं हसवलं, त्याला २००७ मध्ये, साठीच्या आतच, अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार असल्याचं निदान झालं. त्यात डोळे शाबूत असतात, पण दिसलेल्या गोष्टीचा अर्थ मेंदूला लागत नाही. टाइप करता येईना तेव्हा त्यानं तोंडी सांगून पुस्तकं लिहिली. आजाराबद्दल तो उघडपणे बोलला, संशोधनासाठी मोठी देणगी दिली, आणि माणसाला आपला शेवट स्वतः ठरवता यावा, असा आग्रह २०१० मध्ये बीबीसीवरच्या एका व्याख्यानात मांडला. ते व्याख्यान वाचून दाखवायला एका नटमित्राला उभं करावं लागलं, कारण सलग वाचणं त्याला जमत नव्हतं. १२ मार्च २०१५ रोजी तो गेला. घरी, बिछान्यावर मांजर झोपलेलं. त्याच्या ट्विटर खात्यावर ती बातमी मृत्यूच्याच कॅपिटल अक्षरांत उमटली.

पण मला जास्त लक्षात राहिली आहे ती दुसरी गोष्ट. असाध्य आजारानं अंथरुणाला खिळलेले वाचक त्याला पत्रं लिहायचे, की आम्हाला न्यायला येणारा तुमच्या पुस्तकातल्यासारखा असू दे. अशी पत्रं आली की तो बराच वेळ भिंतीकडे बघत बसायचा. विनोदी लेखकाला असं पत्र यावं, याहून मोठा कुठला पुरस्कार असेल मला माहीत नाही. आणि तो घेणं सोपं नसणार.

तिसऱ्या दिवशी आई जणू काही घडलंच नाही अशी उठून बसली. "तो मृत्यू कुठं गेला? बराच वेळ दिसला नाही."

तो सुट्टीवर गेला होता. मॉर्टवर काम सोपवून तो माणसासारखं जगून पाहायला निघतो. दारू पिऊन पाहतो, नाचून पाहतो, मासे धरून पाहतो. नोकरी मिळवून देणाऱ्या एका दलालाकडे जातो. तो दलाल बिचारा विचारतो, आधीचा अनुभव काय? शेवटी त्याला बंदरावरच्या एका कळकट खानावळीत आचाऱ्याची नोकरी मिळते. तिथं तो ॲप्रन बांधून, चार ठिकाणी हात चालवत तळण काढतो, उष्टं-खरकटं मांजरांना घालतो आणि आयुष्यात पहिल्यांदा सुखी होतो. 'आयुष्यात' हा शब्द इथं चुकीचा आहे, पण दुसरा सुचत नाही.

आई इतकी हसली की मला डोळ्याची भीती वाटली. "तुझे बाबा," ती म्हणाली. "अगदी तुझे बाबा."

खरंच होतं. बाबा रेल्वेत पार्सल ऑफिसला होते. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचं सामान वेळेवर पुढं पाठवलं. बोलायचे ते नोंदवहीत लिहिल्यासारखं, एकेक शब्द सुटा. निवृत्त झाल्यावर पहिल्या रविवारी त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि कांदाभजी केली. इतकी, की तीन मजल्यांवर वाटली. नंतर दर रविवारी काही ना काही तळलं जायचं. आई म्हणायची, तेलाचा खर्च पेन्शनच्या बाहेर गेलाय. ते गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "घाण्याला वेळ लागतो." त्यांनी विनोद केला असं त्यांना कधी वाटायचं नाही.

"हा त्यांच्यासारखाच बोलतो," आई म्हणाली. "तू बातम्यांचा आवाज काढतेस ना, तो काढू नको. ह्यांच्यासारखं वाच."

मी वाचलं. सुरुवातीला जमेना, मग जमलं. शेवटची शंभर पानं मी बाबांच्या आवाजात वाचली. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नसल्याचं मला त्यानंतर वाईट वाटलं नाही.

कादंबरी म्हणून 'मॉर्ट' निर्दोष नाही, हे सांगायलाच हवं. राजकन्या केलीला राग आणि हट्ट यांपलीकडे फारसं काही दिलेलं नाही. मॉर्ट आणि इझाबेल आधी भांडतात, मग एकदम प्रेमात पडतात. मधलं काही पानांतून निसटल्यासारखं वाटतं. दूरच्या पूर्वेकडल्या राजदरबारावरची थट्टा जुन्या वळणाची आहे, ती आज वाचताना मला बोचली आणि आईला सांगताना मी ती गाळली. इतिहासाच्या आवळत येणाऱ्या सीमेचा हिशेब काटेकोरपणे मांडायला गेलात तर जुळत नाही. मॉर्ट काम करता करता स्वतःच मृत्यूसारखा होत जातो, भिंतीतून आरपार चालतो, त्याच्या तोंडून कॅपिटल अक्षरं यायला लागतात, तो भाग मात्र फार चांगला उतरलाय. काम माणसाला कसं आपल्यासारखं करून टाकतं, हे त्यात भीतीदायक आहे. निधनवार्तांच्या त्या वर्षात मी कुणी भेटलं की मनातल्या मनात त्याचं वय आणि मागे कोण कोण, हे मांडायला लागले होते.

शेवटी मृत्यू सुट्टीवरून परत येतो. झालेला गोंधळ त्याला कळतो. वाळूच्या घड्याळांच्या दालनात त्याची आणि मॉर्टची लढाई होते. मॉर्ट हरतो. त्याच्या घड्याळातली वाळू संपत आलेली असते. मृत्यू त्याच्यावर उभा राहतो आणि मग ते घड्याळ उचलून उलटं करून ठेवतो. वाळू पुन्हा वाहायला लागते.

मला हा शेवट पळवाट वाटत आलाय. कायद्यावर इतकं बोलणाऱ्या मृत्यूनं शेवटी कायदा मोडावा, म्हणजे लेखकाला पोराला मारणं जिवावर आलं, एवढाच त्याचा अर्थ. मी आईला तसं म्हटलं.

"असू दे," आई म्हणाली. "चुकलं पोराचं. पण जीव तोडून चुकलं. एवढ्यावरून काय मारायचं त्याला?"

मी पुस्तक मिटलं. बाहेर पाऊस लागला होता आणि वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे होते, ते मी घेतले. परत आले तेव्हा आई कॉटवर उठून बसली होती.

"ह्यांना न्यायला असाच कुणी आला असेल," ती म्हणाली, "तर ह्यांनी त्याला आधी चहा विचारला असेल. आणि घोड्याला काय घालता म्हणून चौकशी केली असेल."

"आणि पार्सलची पावती मागितली असेल," मी म्हटलं.

"ती तर मागितलीच असेल."

गजर वाजला. मी तिच्या डोळ्यात थेंब घातले. ती मान मागं टाकून, डोळा मिटून पडून राहिली. मिटलेल्या डोळ्यातून औषध गालावर आलं, ते मी कापसानं टिपलं.

"या माणसाची आणखी पुस्तकं आहेत?" तिनं विचारलं.

"या एकाच मालिकेची एक्केचाळीस आहेत."

"सगळ्यांत मृत्यू आहे?"

"बहुतेक सगळ्यांत एकदा तरी डोकावून जातो."

"मग एक आणून ठेव," आई म्हणाली. "डावा डोळा दिवाळीनंतर करायचा आहे."